नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत एका मात्रेने अर्थाचा केवढा पालट होतो! बारशाच्या दिवशी आत्या बाळाचे नाव ठेवते, आणि त्याच बारशाच्या घुगऱ्या खाऊन उंबरठ्याबाहेर पडलेली मंडळी नावे ठेवतात. पहिली क्रिया प्रेमाची, दुसरी टीकेची. पण दोहोंत एक साम्य आहे. ज्याला नाव मिळते त्याला विचारण्याची पद्धत एकीतही नाही आणि दुसरीतही नाही.

या साम्याकडे माझे लक्ष वेधले ते एका अनपेक्षित ठिकाणी. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी माहूरच्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस मुलांबरोबर संगणकाच्या खोलीत बसतो. यंत्रे जुनी, कोणीतरी देणगी दिलेली. त्यांवर लिनक्स आणि त्याच्या गोतावळ्यातील मुक्त प्रणाली घातल्या आहेत. त्यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि थकलेल्या यंत्रावरही त्या बऱ्यापैकी चालतात. जगाच्या कानाकोपऱ्यांतील माणसांनी आपल्या कामाच्या वेळातून वेळ काढून हे लिहिले, आणि ज्याला हवे त्याने घ्यावे, पाहावे, बदलावे म्हणून मोकळे सोडले. अन्नछत्रे पुष्कळ पाहिली. विद्येचे एवढे मोठे अन्नछत्र मी दुसरे पाहिले नाही.

आठवीतील एक मुलगी जवळच्या तांड्यावरून येते. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "सर, चित्र कशात काढायचं?"

मी म्हटले, "गिंपमध्ये."

"गिंप म्हंजे?"

"चित्राच्या कामाची प्रणाली."

तिने वही काढली आणि लिहिले, 'गिंप – चित्राचं.' पुढे 'ऑडॅसिटी – आवाजाचं', 'फायरफॉक्स – इंटरनेटचं', 'व्हीएलसी – पिक्चरचं' अशी यादी वाढत गेली. पान भरल्यावर तिने मान वर करून विचारले, "सर, हे सगळं पाठ करायचं का?"

या प्रश्नाला शिक्षकाने द्यायचे उत्तर मी दिले. म्हणजे 'हो' म्हटले. पण घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर चालू लागला. चित्राच्या साधनाला 'चित्र' का म्हणू नये? आवाजाच्या साधनाला 'आवाज' का म्हणू नये? लोकांना मोफत वस्तू द्यावयाची, आणि दारावर त्यांना न उमगणारी पाटी लावावयाची, हा कसला औदार्याचा प्रकार?

हा प्रश्न त्या प्रणाली लिहिणाऱ्यांनाही पडलेला आहे. गनोम नावाच्या मुक्त मंचावर फायलींचा सांभाळ करणाऱ्या प्रणालीचे नाव 'नॉटिलस' होते. नॉटिलस हा समुद्रातील एक शंखधारी जीव. २०१२ साली गनोमच्या मंडळींनी ठरवले, की वापरणाऱ्याला यापुढे 'फाइल्स' एवढेच दिसावे. न्याहाळकाचे 'एपिफनी' हे नाव जाऊन 'वेब' झाले. विचार सरळ होता. नवखा माणूस फाइल शोधायला येतो, शंख शोधायला येत नाही.

वर्णनात्मक नावाच्या बाजूने बोलावयाचे तर ते परक्याशी दाखवलेले सौजन्य आहे. एस.टी.च्या स्थानकावर 'चौकशी' अशी पाटी असते. त्या खिडकीला कोणी 'कोकिळा' असे सुंदर नाव दिले, तर गडावर दर्शनासाठी प्रथमच आलेली म्हातारी बिचारी कोकिळेपुढून चारदा जाईल आणि हमालाला विचारील. शिवाय वर्णनाचे भाषांतर होते. 'फाइल्स', 'कॅलेंडर', 'घड्याळ' ही नावे मराठी पडद्यावर मराठीत येऊ शकतात. 'नॉटिलस' देवनागरीत लिहिला तरी परकाच राहतो. त्या मुलीची वही मग कोरी राहिली असती, आणि कोरी राहिली असती हे चांगलेच झाले असते.

इथपर्यंत विचार आला तेव्हा मला वाटले, की प्रश्न सुटला. पण सुटलेले प्रश्न मराठवाड्याच्या माणसाने दोनदा तपासून पाहावेत.

वर्णन पारदर्शक असते खरे, पण कोणाला? आमच्या भागावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी भाषांतराचे खास खाते उभारून शास्त्रांची परिभाषा घडवण्यात आली. ज्याला अरबी-फारसीची मुळे ठाऊक त्याला तो प्रत्येक शब्द आरशासारखा स्वच्छ होता. आमच्या कुणब्याच्या पोराला तो पाठच करावा लागे. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला, शासनाने भाषा संचालनालय काढले, आणि १९६२ साली पदनाम कोश निघाला. आता मुळे संस्कृत झाली. कोशाची त्या काळी 'बदनाम कोश' म्हणून थट्टाही झाली. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला निजामी अमलात 'अव्वल तालुकदार' म्हणत, मग 'कलेक्टर' म्हणू लागले, आता 'जिल्हाधिकारी' म्हणतात. तिन्ही नावे आपापल्या भाषेत वर्णनात्मकच आहेत. आणि एकाच घरातील तीन पिढ्यांनी ती तीनदा पाठ केली आहेत. फाइलला मराठीत 'धारिका' म्हणावे, अशी सूचना आहे. शब्द निर्दोष आहे. मी तो वर्गात फळ्यावर लिहिला, तेव्हा त्या मुलीने वही उघडली आणि लिहिले, 'धारिका – फाइल.'

म्हणजे वर्णनही पाठ करावेच लागते. ज्याने शब्द घडवला त्याला त्यातला अर्थ दिसतो. ज्याच्यावर तो येऊन पडतो त्याला फक्त शब्द दिसतो.

दुसरी अडचण काळाची. वर्णन हे एक विधान असते, आणि विधान खोटे ठरू शकते. वतने गेली त्याला कित्येक दशके लोटली. तरी कुळाचे करण न लिहिणारे सहस्रावधी कुलकर्णी आणि देशाशी काही देणेघेणे नसलेले देशमुख आपल्यांत सुखाने नांदत आहेत. 'संगणक' हा शब्दच घ्या. गणन करणारा तो संगणक. पण आमच्या खोलीतील मुले त्यावर चित्रे काढतात, गाणी ऐकतात, पत्रे लिहितात. गणिताला मात्र हातही लावत नाहीत. 'गनोम' हे नावही आरंभी एका लांबलचक तांत्रिक वर्णनाच्या आद्याक्षरांतून केलेले होते. पुढे ती योजना त्या वर्णनात मावेना, तेव्हा करणाऱ्यांनी आद्याक्षरांचा अर्थ सोडून दिला आणि नुसते नाव ठेवले. वर्णन मेले, नाव जगले. जे नाव काहीच सांगत नव्हते, त्याला खोटे ठरण्याची भीती कधीच नव्हती.

तिसरी अडचण हाकेची. दोन निरनिराळ्या मंचांवरील दोन निरनिराळ्या प्रणालींना 'फाइल्स'च म्हटले, तर बिघाड झाल्यावर कोणाविषयी बोलतो आहोत हे कसे सांगावे? दहा घरांच्या वस्तीत 'आई' अशी हाक मारली तर दहा बायका वळून पाहतात. म्हणूनच गनोमने दर्शनी पाटी बदलली तरी आतल्या घरात 'नॉटिलस' हे नाव राहिले, आणि दुरुस्ती करणारे आजही त्याला त्याच नावाने हाक मारतात.

आता विक्षिप्त नावांची बाजू. त्यांच्याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आपली प्रणाली लिहिली, तेव्हा तिला 'फ्रीॲक्स' असे काहीतरी नाव द्यावे असे त्याच्या मनात होते. ज्या मित्राने ती इतरांसाठी आपल्या संस्थेच्या यंत्रावर ठेवली, त्याला ते रुचले नाही. त्याने कप्प्यावर 'लिनक्स' असे लिहून टाकले. जगाने तेच उचलले. आईबापांच्या मनातले नाव राहून गेले आणि आत्याचे टिकले! फायरफॉक्सची कथा याहून नाट्यमय. २००२ साली तो 'फिनिक्स' होता. त्या नावावर दुसऱ्यांचा हक्क निघाला म्हणून 'फायरबर्ड' झाला. तेही एका दुसऱ्या मुक्त प्रकल्पाचे नाव होते, म्हणून २००४ साली 'फायरफॉक्स' झाला. यांतल्या एकाही नावातून इंटरनेटचा बोध होत नाही. पण ज्यांनी रात्री जागून तो लिहिला त्यांचा श्वास त्या नावांत आहे. स्वतःच्या मुलाला कोणी 'पुरुष, सावळा, वजन तीन किलो' असे नाव देत नाही.

आणि नाव कधीकधी वर्णनाहून जास्त सांगते. येथल्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाईंना मोगल दरबाराने 'रायबागन' असा किताब दिला. १६६१ सालच्या उंबरखिंडीच्या लढाईत त्या मोगलांच्या बाजूने होत्या. इतिहास त्यांना याच नावाने ओळखतो. 'माहूरची सरदारीण' हे वर्णन अचूक झाले असते. पण त्यात वाघीण कोठून आली असती?

आमच्या गावाचेच नाव पाहा. परशुरामाला येथे मातेचे दर्शन घडले अशी कथा आहे, म्हणून हे मातापूर. हे वर्णनच झाले. पण शेजारच्या तेलुगू मुलखात गावाला 'ऊर' म्हणतात. त्यांच्या तोंडी 'माऊर', आणि त्याचेच पुढे 'माहूर' झाले, असे येथली जुनी माणसे सांगतात. भाषाशास्त्रज्ञ याला मान्यता देवोत वा न देवोत, त्या कथेतील शहाणपण मला पटते. एकाने ठेवलेले नाव दुसऱ्याच्या जिभेवरून गेल्याखेरीज पुरे होत नाही.

पण येथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. जीभ दुसऱ्याची, तर मोलही दुसऱ्यालाच द्यावे लागते. नाव ठेवण्याचा आनंद ठेवणाऱ्याचा असतो, वागवण्याचे कष्ट मात्र दुसऱ्याचे. मी 'गिंप' या शब्दाचा अर्थ त्या मुलीला सांगितला नव्हता. १९९५ साली अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांनी ही प्रणाली लिहावयास घेतली. चित्रावर संस्कार करणारी प्रणाली, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे आहेत. परंतु इंग्रजी बोलीत या अक्षरांचा शब्द पूर्वीपासून आहे. तो लंगड्या माणसाला हिणवण्यासाठी वापरतात.

कोशात तो अर्थ पाहिला तेव्हा मी जरा वेळ कोश मिटून बसलो. लहानपणी तापाने माझा डावा पाय अधू झाला. शाळेत मला 'लंगड्या' म्हणत. मास्तर झाल्यावर मागून 'लंगडे सर' म्हणत. एवढी बढती मिळाली. ते नाव ठेवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ती मुले होती, आणि त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, की नाव अगदी वर्णनात्मक होते. गावात आणखी दोन मास्तर माझ्याच आडनावाचे होते. कोणते सर, हे त्या एका शब्दाने विनाविलंब कळत असे. वर्णनात्मक नावाचे सारे गुण त्यात होते. फक्त ते मला ऐकावे लागत असे.

म्हणून विक्षिप्त नाव वाईट आणि वर्णनात्मक चांगले, किंवा याच्या उलट, असा निवाडा मला करता येत नाही. गिंपच्या नावावर आक्षेप आला, तेव्हा करणाऱ्यांनी ते बदलण्याचे नाकारले. आमचा हेतू तसा नाही आणि इतक्या वर्षांची ओळख मोडता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०१९ साली काही जणांनी वेगळे होऊन तीच प्रणाली 'ग्लिम्प्स' या नावाने चालवून पाहिली. २०२१ साली माणसांच्या अभावी तो प्रयत्न थांबला. दोन्ही बाजू मला समजतात. वीस-पंचवीस वर्षे फुकट राबलेल्या माणसाला 'तुझ्या मुलाचे नाव बदल' म्हणणे सोपे नाही. पण दात्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे घेणाऱ्याला ठेच लागत नाही, असेही नाही. दान दिले म्हणून घेणाऱ्याच्या जिभेवर मालकी येत नाही.

आणि वर्णनाने होणारी जखम याहून खोल असू शकते. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला 'नकुसा' म्हणणे हे आईबापांच्या मनाचे केवढे अचूक वर्णन आहे! सातारा जिल्ह्यात २०११ साली एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या दिवशी त्या मुलींनी काही विक्षिप्त वा कलात्मक मागितले नव्हते. हाक आल्यावर मान खाली न घालता 'ओ' देता यावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

नाव म्हणजे नुसती पाटी, असे ज्याला वाटते त्याने आमच्या मराठवाड्याचा इतिहास वाचावा. 'मराठवाडा विद्यापीठ' हे नाव निव्वळ वर्णनाचे होते. प्रदेशाचे नाव, पुढे संस्थेचा प्रकार. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. आमच्या नांदेड जिल्ह्यातही. वर्णन निःपक्षपाती असते असे म्हणणाऱ्यांना त्या दिवसांत दिसले असेल, की साध्या प्रदेशनामाआडही 'हे कोणाचे' असा हक्क दडून बसलेला असतो. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. प्रदेशाचे नाव राहिले आणि त्याच्या आधी माणसाचे नाव आले. संगणकातील नावे आणि ती आग यांना मी एका तराजूत घालीत नाही. तसे करणे पाप होईल. पण दोन्हीकडे प्रश्नाचा गाभा एकच आहे. नाव ठरवताना ज्याला ते उच्चारावयाचे, मिरवावयाचे किंवा सोसावयाचे आहे, तो त्या बैठकीत होता का?

मग करावे काय? मुक्त प्रणालींच्या जगातच याचे एक साधे उत्तर पडून आहे, आणि त्याचे मला मोठे कौतुक वाटते. त्या मंचांवर प्रत्येक प्रणालीबरोबर एक लहानशी टिपणवजा फाइल असते. तिच्यात 'नाव' अशी एक ओळ असते, 'सामान्य नाव' अशी दुसरी, आणि थोडक्यात खुलाशाची तिसरी. आणि या ओळी जगातील कोणत्याही भाषेत भरता येतात. म्हणजे फायरफॉक्सने फायरफॉक्स राहावे आणि खाली मराठीत 'वेब न्याहाळक' असे लिहून यावे, याला कोणाचीच आडकाठी नाही. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत 'चि. बाळासाहेब' छापून पुढे त्याचे खरे नाव देतात, त्यातलाच हा प्रकार. हाकेला नाव, परक्याला वर्णन. ही ओळ पुष्कळदा कोरी राहते किंवा फक्त इंग्रजीत राहते. ती भरण्याचे काम मात्र प्रतिभेचे नाही, सौजन्याचे आहे. आणि म्हणूनच बहुधा ते मागे पडते. तेथे चूक विक्षिप्त नावाची नसते, रिकाम्या ओळीची असते.

एवढ्यावर मी आणखी एकच अट घालीन. नाव कसेही असो. पण ते मोठ्याने उच्चारताना कोणाला मान खाली घालावी लागत असेल, तर ठेवणाऱ्याने हेतूचा दाखला देऊ नये. हेतू त्याच्याजवळ राहतो, नाव दुसऱ्याजवळ जाते.

त्या मुलीला मी शेवटी 'गिंप'चा दुसरा अर्थही सांगितला. वाटले, ती हसेल, किंवा माझ्या पायाकडे पाहून ओशाळेल. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग आपण ह्याला दुसरं काही म्हणू ना, सर."

"काय म्हणशील?"

ते तिला लगेच सुचले नाही. मी म्हटले, सुचेल तेव्हा सांग. पुढच्या आठवड्यात खोलीत शिरलो तेव्हा ती शेजारच्या लहान मुलाला दाखवीत होती, "हे बघ, हे चित्राचं. ह्याच्यात रंग भरायचा." वहीत तिनेच पहिल्या दिवशी जे वर्णन म्हणून लिहिले होते, तेच आता नाव झाले होते. आता आमच्या खोलीत गिंपला 'चित्राचं' म्हणतात. मराठी पडद्यासाठी सामान्य नावाच्या ओळीत हाच शब्द लिहून पाठवावा, असे माझ्या मनात आहे. विद्वानांना तो पसंत पडेल किंवा नाही, हे सांगता येत नाही. पण तो ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना विचारून ठेवलेला आहे.